पात्र आणि पात्रता

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन दोनचार दिवस झाले असतील. आमच्या शाखेतल्या शिपायाने चहाबरोबर एक कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. ते चहाचे बिल असावे अशा समजुतीने मी तो शेजारच्या टेबलाकडे सरकवला. शेजाऱ्यानेही त्याच समजुतीने तो परत माझ्याकडे सरकवला. तेव्हा नाइलाजाने वाचला. गावातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचे ते पत्रक होते. येत्या हंगामात राज्य नाट्यस्पर्धेचे एक नाटक आणि दोन एकांकिका बसवायच्या असून स्त्री-पुरुष कलावंत पाहिजेत. निवड चाचणी रविवारी सकाळी नऊ वाजता. वयाची अट नाही.

"जावा की सायेब," शिपाई म्हणाला. "तुमचा आवाज काय साधा हाय? तुम्ही 'टोकन नंबर अठ्ठेचाळीस' म्हटलं की बाहेर रस्त्यावरची माणसं बी आत येत्यात."

आवाजाचे सोडा. मला लागले ते शेवटचे तीन शब्द. वयाची अट नाही! माझे वय सेहेचाळीस. गेल्या पंधरा वर्षांत कुठल्याही जाहिरातीत हे तीन शब्द माझ्यासाठी कोणी छापलेले नव्हते. आणि आता थोडे खाजगी सांगतो. तेविसाव्या वर्षी एका व्यावसायिक नाटक मंडळीने मला कोकण दौऱ्यासाठी बदली नट म्हणून बोलावले होते. त्याच आठवड्यात बँकेचे नेमणूकपत्र आले. आमच्या दादांनी एवढेच विचारले, "पगार कोण जास्त देतंय?" वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यापुढे काही विचारावे लागत नाही.

तर चाचणीला जायचे ठरवले. सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, "जा की. नाहीतरी रविवारी सकाळी घरात तुमचा काय उपयोग?" याला मी उत्तेजन समजलो.

परीक्षा कोणतीही असो, आधी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बघायच्या, ही आमची बी. कॉम.पासूनची पद्धत. म्हणून मी वाचनालयात जाऊन बसलो. आपल्याकडे नाटकात माणसे आजवर कशी घेतली, कोणाला घेतली आणि का घेतली, हे एकदा पाहून घ्यावे म्हटले. सुदैवाने फार लांब जावे लागले नाही. पहिली प्रश्नपत्रिका आमच्या सांगलीतच निघाली होती. साल १८४३.

सांगलीचे राजेसाहेब चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या एका मंडळीचे खेळ पाहिले. ते आवडले. त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णू अमृत भावे यांना सांगितले की असे काहीतरी मराठीत करा. साहेबांचे असेच असते. 'काहीतरी करा' एवढे सांगून ते मोकळे होतात. भाव्यांनी सीतास्वयंवर रचले. पण पात्रे आणायची कुठून? भावे लाकडाच्या बाहुल्या करण्यात मोठे वाकबगार होते. त्यांच्या काही बाहुल्या रामदास पाध्ये यांनी अलीकडच्या काळात दुरुस्त करून पुन्हा नाचत्या केल्या, म्हणजे काम किती पक्के असेल बघा. बाहुल्या पगार मागत नाहीत, रुसत नाहीत, प्रवेश चुकवत नाहीत. कुठल्याही दिग्दर्शकाला पात्रनिवडीचा हाच मार्ग पसंत पडावा. पण राजेसाहेबांना जिवंत माणसे हवी होती. आणि तोंडाला रंग लावून चारचौघांत नाचणे हे त्या काळच्या जिवंत माणसांना, विशेषतः जेवणाच्या पंक्तीत बसणाऱ्या माणसांना, फारसे शोभणारे नव्हते. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. मिशा न फुटलेली पोरे शोधायची आणि त्यांना लुगडी नेसवायची.

भाव्यांच्या नाटकात एक सोय मात्र होती. पदे सगळी सूत्रधार म्हणे. पात्रांनी त्या अनुषंगाने आपापल्या पदरचे बोलायचे. म्हणजे पाठांतर ही पात्रता नव्हती. राक्षसाला तर बोलणेही फारसे लागत नसे. त्याने 'अलललडुर्र' अशी आरोळी ठोकून रंगमंचावर यायचे. इतके, की पुढे या नाटकांना लोक 'अलललडुर्र' नाटकेच म्हणू लागले. हे वाचून मला फार बरे वाटले. टोकन नंबर अठ्ठेचाळीसवाला आवाज १८४३ साली रावणाच्या दरबारात कायम झाला असता, तोही परिविक्षाधीन काळ न लावता.

१८५१ साली राजेसाहेब वारले, राजाश्रय सुटला आणि मंडळी गावोगाव खेळ करत फिरू लागली. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ झाले. इथपर्यंत सगळे ठीक होते. माझी खरी पंचाईत पुढच्या प्रश्नपत्रिकेने केली.

ती १८८० सालची. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. म्हणजे आपल्यातलेच. पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा खेळ पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की असे गाणारे नाटक मराठीत का होऊ नये? कचेरीत बसून असले विचार सगळ्यांच्याच मनात येतात. चार वाजता चहा आला की जातात. अण्णासाहेबांचा गेला नाही. ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात संगीत शाकुंतल रंगमंचावर आले. इथून पात्राने स्वतः गायचे असे ठरले. सूत्रधाराच्या गळ्यावर सगळ्या मंडळीने निभावून न्यायचे दिवस संपले. त्या पहिल्या प्रयोगातली शकुंतला होती शंकरराव मुजुमदार. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाणारी पात्रे म्हटल्यावर चाचणी अगदी सोपी झाली आणि अगदी अवघडही. मुलाला समोर उभे करायचे आणि सांगायचे, "बाळ, एक पद म्हण." संपले. ध्वनिक्षेपक नव्हते. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले, वर 'वन्समोअर'ची वसुली वेगळी. शेवटच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या चार आणेवाल्याला शब्द पोचला पाहिजे. रूप रंगवता येते, चाल शिकवता येते, गळा कुठून आणणार? आणि गळ्याचेही भरवशाचे नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आवाज फुटला की कालची नायिका आज पडदे ओढायला. आमच्या खात्यात निदान अठ्ठावन्न-साठ वर्षांपर्यंत कोणाचा आवाज फुटला म्हणून पदावनती होत नाही.

अण्णासाहेबांना असा एक गळा बडोद्यात सापडला. भाऊराव कोल्हटकर. वय एकोणीस. आणि काम? तेही बडोद्यात कारकुनी करत होते! मी वाचनालयात पुस्तक मिटून दोन मिनिटे खिडकीबाहेर पाहत बसलो. १८८२ साली भाऊराव मंडळीत आले आणि त्याच वर्षी सौभद्रात सुभद्रा म्हणून उभे राहिले. पुढची एकोणीस वर्षे महाराष्ट्र या माणसाच्या मागे वेडा होता. प्रेमाने त्याला 'भावड्या' म्हणत. कारकुनाला लोक प्रेमाने काही म्हणतात हे मी तिथे पहिल्यांदा वाचले.

१९०१ साली, चाळिशीही न गाठता, भाऊराव गेले. जागा रिकामी झाली. नाटकातल्या निवडीचे आणि बँकेतल्या बढतीचे एक तत्त्व समान आहे. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालच्याची गुणवत्ता कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. किर्लोस्कर मंडळी चार वर्षे चाचपडत राहिली. मग गाठ पडली ती आमच्या शेजारी, मिरजेत. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या मुलाच्या कानाला त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन इस्पितळात पाठवले. गंमत पाहा, ज्याचे गाणे ऐकायला पुढे पन्नास वर्षे महाराष्ट्राने कान टवकारले, तो स्वतः कान दाखवायला आला होता. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीने त्याला घेतले आणि शकुंतला केले. वय सतरा. तालीम द्यायला गोविंद बल्लाळ देवळांसारखा मास्तर. देवळ आमच्या हरिपूरचे. हा बालगंधर्वांचा इतिहास असला तरी त्यात मिरज आहे आणि हरिपूर आहे, त्यामुळे आम्ही सांगलीकर तो घरचा समजतो.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची गंधर्व मंडळी काढली. पुन्हा जागा रिकामी! मग गोव्यातल्या मंगेशीचा एक पोरगेलासा मुलगा घेतला. त्याचे नाव दीनानाथ मंगेशकर. १९१८ साली त्यानेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीने माणसे निवडावीत, घडवावीत आणि त्यांनी स्वतंत्र दुकान थाटावे, असा हा क्रम. आमच्याकडे माणूस तयार झाला की हेड ऑफिसला जातो, तसेच.

तिकडे केशवराव भोसले लहानपणीच पोटासाठी मंडळीत आलेले. शारदेचे काम करून नावारूपाला आले आणि १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श काढली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी या दोन बड्या मंडळ्यांनी मिळून संयुक्त मानापमान केले. आता दोन मालक, दोघेही नायिकेच्या कामात नावाजलेले. पात्रयोजना कोणी करायची? माझ्यासारख्याला वाटते की इथे नक्की फाटणार. पण केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले आणि दोघांनी तो प्रयोग अजरामर करून टाकला. जुलैत हा प्रयोग झाला. ऑक्टोबरात केशवराव गेले. अवघे एकतीस वर्षांचे.

बायकांच्या कामासाठी पुरुष शोधण्याची ही कटकट नाटकापुरती नव्हती. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या राजा हरिश्चंद्रासाठी तारामती मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, गयावया करून झाली. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत त्यांना अण्णा साळुंके नावाचा नाजूक हाताचा स्वयंपाकी दिसला. खाणावळीत महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. तारामती ठरली. पुढे १९१७ च्या लंकादहनात या साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. एका पगारात दोन टेबले सांभाळण्याची प्रथा आमच्याच खात्यात सुरू झाली असे मी समजत होतो.

१९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा केले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक या घरंदाज स्त्रिया स्त्रियांच्या भूमिकेत उभ्या राहिल्या आणि लुगडे नेसता येणे ही पुरुषाची पात्रता हळूहळू बाद होत गेली. ध्वनिक्षेपक आले, तशी गळ्याचीही सक्ती गेली. मग कोणाला घ्यायचे? पुढची प्रश्नपत्रिका पाहून मी चक्रावलो. डॉक्टरांना! १९६२ साली रायगडाला जेव्हा जाग येतेमधले संभाजी झाले काशीनाथ घाणेकर, दातांचे डॉक्टर. १९७० साली नटसम्राट झाले श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९७२ साली घाशीराम कोतवाल बसवले जब्बार पटेलांनी, मुलांचे डॉक्टर, आणि त्यातले नाना फडणवीस मोहन आगाशे, मनाचे डॉक्टर. मराठी रंगभूमी आजारी आहे अशी तक्रार त्या काळी सतत का चाले, आणि तरी ती दगावली कशी नाही, या दोन्ही कोड्यांचा उलगडा मला एकदम झाला.

कारकुनांचे दिवस संपले म्हणून मी वही मिटणार, तोच १९६७ साल आले. कट्यार काळजात घुसली. खाँसाहेब आफताब हुसेन झालेले वसंतराव देशपांडे. हा माणूस कितीतरी वर्षे मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होता. अकाउंट्समध्ये! जमाखर्चाच्या वह्यांवर मान घालून बसलेल्या या गृहस्थाच्या गळ्यात काय आहे ते कितीतरी जणांना ठाऊक होते, तरी बदल्या चुकल्या नाहीत. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि खाँसाहेब उभे राहिले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

सत्तेचाळीस. मला अजून एक वर्ष शिल्लक होते. मी वाचनालयातून घरी चालत आलो. स्कूटर तिथेच राहिली, ती दुसऱ्या दिवशी आणली.

रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसे जमली होती. दिग्दर्शक दाढीवाला, अठ्ठावीस-तीस वर्षांचा. चाळिशी उलटलेले आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जणांनी नटसम्राटातलेच स्वगत तयार करून आणले होते. पाचव्या अप्पासाहेब बेलवलकरांपर्यंत दिग्दर्शकाने सभ्यपणे ऐकून घेतले. सहाव्यापासून तो पहिल्याच वाक्याला "छान, पुढचे" म्हणू लागला. माझा नंबर नववा.

"काका, तुम्ही आधी काय केलंय?"

'काका' हा शब्द सोसून मी म्हणालो, "रोज दहा ते पाच."

तो हसला. "नटसम्राट राहू दे. तुम्ही तुमचंच काहीतरी सांगा. आयुष्यात हुकलेली एखादी गोष्ट. घडली तशी सांगा, अभिनय नको."

आता या प्रश्नाचे उत्तर माझ्याइतके पाठ कोणाचे असणार? कोकण दौरा, नेमणूकपत्र, दादांचा प्रश्न, सगळे डोळ्यांपुढे आले. तोंड उघडले आणि बाहेर काय पडावे? "एकदा माझी आठ दहाची कोल्हापूर गाडी हुकली." त्या गाडीवर मी तीन मिनिटे बोललो. फलाट, तिकीट, डबा, सगळे तपशीलवार. पोरांनी टाळ्याही वाजवल्या. एकदोघांना ती गाडी चांगली ठाऊक होती.

आठ दिवसांनी यादी लागली. पात्रांच्या यादीत माझे नाव वरून पाहिले, खालून पाहिले. नव्हते. सगळ्यात खाली, 'प्रकाशयोजना' आणि 'रंगमंच साहाय्य' यांच्याही खाली, ते सापडले. 'हिशेब व तिकीटविक्री'.

"वाईट वाटून घेऊ नका काका," दिग्दर्शक म्हणाला. "नट पुष्कळ आले. बी. कॉम. तुम्ही एकटेच."

इथे मला शंकरराव मुजुमदार आठवले. मराठीतली ही पहिली संगीत शकुंतला अण्णासाहेबांच्या पश्चात किर्लोस्कर मंडळीची चालक झाली आणि कितीतरी वर्षे मंडळीचा कारभार सांभाळत राहिली. शकुंतलेपासून हिशेबाच्या वहीपर्यंत जाता येते, तर वाट उलटीही असू शकेल. असे मी सौभाग्यवतींना म्हणालो. त्या म्हणाल्या, "शकुंतला होण्यापूर्वी मिशी काढा."

तालमी सुरू झाल्या. बँक सुटली की मी पत्र्याची पेटी आणि पावतीपुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसत असे. वर्गणी, चहा, झेरॉक्स, नेपथ्याच्या फळ्या. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी नायिकेचे काम करणाऱ्या बाई आल्या नाहीत. त्या तासगावच्या शाळेत शिक्षिका, आणि एस.टी. वाटेत बंद पडलेली. दिग्दर्शक सगळीकडे पाहत पाहत माझ्यापाशी थांबला.

"काका, तुम्ही वाचा. नुसतं उभं राहून वाचा, बाकीच्यांची तालीम खोळंबायला नको."

मी संहिता घेऊन उभा राहिलो. डोक्यावर टक्कल, खिशाला दोन पेनं आणि हातात नायिकेची वाक्ये. पोरे हसली, हसणारच. त्या प्रवेशात बायको नवऱ्याला विचारते की तू त्या दिवशी का गेला नाहीस. तो टाळतो. ती पुन्हा विचारते. तो भलतेच काहीतरी सांगतो. ती तिसऱ्यांदा विचारते. पहिल्या पानाला हसत होते, दुसऱ्या पानाला बहुधा हसत नव्हते. मी वर पाहिले नाही. तिसऱ्या वेळेला ते वाक्य मी कागदावरून वाचले नाही एवढे आठवते. समोरचा पोरगा आपले उत्तर विसरून नुसताच माझ्याकडे बघत राहिला होता.

"सॉरी हं काका, फार उशीर झाला," म्हणत बाई धापा टाकत आत आल्या. मी संहिता त्यांच्या हातात दिली आणि बाकावर येऊन बसलो. दिग्दर्शक काही बोलला नाही. थोड्या वेळाने चहा आला, तेव्हा त्याने पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

त्या रात्री पेटीतल्या वर्गणीचा मेळ घालताना वीस रुपये कमी आले. पुन्हा मोजले, पावत्या तपासल्या, तरी वीस कमीच. तेवीस वर्षांच्या नोकरीत असे कधी झाले नव्हते. शेवटी खिशातले वीस रुपये पेटीत टाकले, कुलूप लावले आणि घरी आलो.